रखमाजी तात्यांचा कागद

मृत्युपत्र लिहून घ्यायला आमच्याकडे लोक सकाळी दहानंतर येत, साखर कारखान्याचा भोंगा होऊन गेला की. त्याआधी गल्लीतली बायामाणसं दारात असायची, आणि कोण कशाला आलंय याचा अंदाज बांधायला सोनईत कुणाला फार वेळ लागत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, परवान्याचे दस्तलेखक होते. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं ते नेवाशाला कचेरीसमोर लिंबाखाली बसून लिहायचे. पण मृत्युपत्र तिथं कुणी लिहून घेत नसे. लिंबाखाली कान फार. म्हणून आठवड्यातले दोन दिवस अण्णा घरीच थांबत आणि पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून, उतरतं डेस्क मांडीसमोर ओढून बसत. गल्लीकडची खिडकी त्या दिवशी उघडायची नाही, हा नेम होता. उन्हाळ्यात त्या खोलीत घामाच्या धारा लागत, तरी नाही.

आलेला माणूस आधी पावसापाण्याचं बोलायचा. मग उसाची तोड, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाच्या बैलाचा पाय. अण्णा घाई करत नसत. ते निब पुसत, दौतीचं झाकण काढत, परत लावत. तो माणूस मुद्द्यावर आला की आवाज आपोआप खाली जायचा, आणि नेमकी त्याच वेळी माजघरात आई पाट्यावर चटणी वाटायला बसायची. आपल्या कानावर काही पडू नये म्हणून. शेंगदाणे, लसूण, मीठ, लाल मिरची. वरवंट्याचा तो घसर-घसर आवाज भिंतीपलीकडून येत राहायचा आणि इकडं एखादा म्हातारा आपली विहीर कुणाला आणि बैल कुणाला ते सांगत असायचा. म्हणून आमच्याकडे ताजी चटणी नेहमी त्या दोन दिवशी असे. मी पुढं नगरला वकिली केली, शेकडो कुटुंबांची मृत्युपत्रं केली, वारसांच्या नोंदी केल्या, भावाभावांच्या वाटण्या मिटवल्या. गार हवेच्या ऑफिसात, काचेच्या टेबलावर. पण एखादं माणूस बोलता बोलता आवाज खाली आणतं, तेव्हा मला अजून भिंतीपलीकडं काहीतरी वाटल्याचा भास होतो. आईचा पाटा मी नगरला आणला आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत आहे तो. त्याच्यावर कोरफडीची कुंडी ठेवलेली आहे, कारण मिक्सर सोडून पाटा वापरायला माझे गुडघे आता तयार नाहीत.

अण्णांचा नियम एकच होता. या खोलीतलं या खोलीत. कागद लिहून झाला की ते तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवत, आणि तीनदा विचारत, समजलं का? माणूस तीनदा हो म्हणाला की मग साक्षीदारांना आत बोलवायचं. शेजारचे निवृत्त मास्तर आणि समोरचा शिंपी हे आमचे कायमचे साक्षीदार. आत काय लिहिलंय ते त्यांना कधी कळत नसे आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. सह्या, अंगठे झाले की कागद लखोट्यात. काही जण तो घरी नेत. बरेच जण म्हणत, तुमच्याकडंच राहू द्या, अण्णा, घरी ठेवला तर सुनेच्या हाती लागेल. असे लखोटे शिसवी कपाटात एकावर एक रचलेले असत. त्या कपाटाची किल्ली अण्णांच्या जानव्याला असे.

त्या खोलीत माझी वर्णी लागली ती अण्णांच्या डोळ्यांमुळं. मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि ऑपरेशनची त्यांना भीती वाटे. मी तेव्हा नगरला कॉलेजात होते, सुटीच्या दिवशी एसटीनं घरी यायचे. माझं अक्षर मास्तरांच्या भाषेत छापल्यासारखं होतं. एका शनिवारी अण्णा म्हणाले, "सुमा, आजचा कागद तू लिही. मी सांगतो." आई दारात येऊन म्हणाली, "लोकांना चालेल का पोरीसमोर बोललेलं?" अण्णा म्हणाले, "ती बोलत नाही कुठं." हे वाक्य ते अगदी सहज म्हणाले होते. त्याची मला किती मोठी मिजास वाटली होती, ते मी आज साठीनंतरही सांगू शकते.

रखमाजी तात्या वर्षातून एकदा येत, हुरड्याच्या दिवसांत. खांद्यावर ज्वारीच्या कोवळ्या कणसांचं गाठोडं असे. ते दारातच आईच्या हवाली करत आणि म्हणत, "वैनी, भाजून द्या पोरीला, आमी दमानं बसतो." उंच, वाळलेले, हातांची बोटं वाकडी झालेली. तरुणपणी त्यांनी लोकांच्या विहिरी खोदल्या होत्या. त्या मजुरीतून एकेक तुकडा करत नदीकडच्या एका वस्तीवर सगळी जमीन स्वतः घेतलेली. वाडवडिलांचं त्यात ढेकूळही नव्हतं. बायको वारलेली. दोन मुलं, त्यांतला थोरला सोपान घर चालवायचा. आणि एक मुलगी, शकुंतला. सतरंजीवर बसले की तात्यांचं पहिलं वाक्य दरवर्षी तेच. "अन्ना, जुना कागद फाडायचा हाय."

जुना लखोटा काढून त्यांच्यासमोर फाडायचा आणि नवा लिहायचा. मुलांचं काही बदलत नसे. बदलायचं ते शकूचं. मी लिहिलेल्या पहिल्या कागदात तिला एक म्हैस होती. दुसऱ्या वर्षी म्हैस आणि विहिरीजवळची पट्टी. तिसऱ्या वर्षी ती पट्टी, चिंचेचं झाड आणि विहिरीच्या पाण्यातली पाळी. तात्या डोळे मिटून सांगत, आणि शकूपाशी आले की दर वेळी थांबत, जणू दुकानात उभे राहून तिच्यासाठी काय घ्यावं हे ठरवतायत. मग कामाचं झालं की आई त्यांना जेवायला वाढायची. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी, वर कच्चं तेल, बाजरीची भाकरी. तात्या मान खाली घालून जेवत. एकदा म्हणाले, "शकूला लई आवडायची शेंगोळी." आईनं विचारलं, "दिवाळीला येते का माहेरी?" तर म्हणाले, "हाय ती तिकडं. सुखात हाय." आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

चौथ्या वर्षी त्यांनी वेगळंच विचारलं.

"अन्ना, कशापायी देतो ते बी लिवायचं असतं का?"

"गरज नसते, तात्या. तुमची मर्जी, एवढं पुरतं."

"न्हाई, यंदा लिवा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "लिव पोरी. ती आल्ती. सासरी लई मारायचे तिला. पेटी घिऊन आल्ती, भर दुपारची. मी आतून कडी लावली. म्हनलं, नांदायला दिली ती नांदली पायजे. पायरीवर बसून ऱ्हायली. येष्टी येईस्तवर बसली हुती. मी फटीतनं बघत हुतो. पानी बी दिलं न्हाई. हे लिव."

मी टाक कागदावर टेकवला आणि अण्णांकडं पाहिलं. त्यांनी मान किंचित हलवली, नाही म्हणून.

"हे लिहिलं तर उद्या वाद होईल, तात्या. मुलं म्हणतील, बापाचं डोकं ठिकाणावर नव्हतं."

"डोकं तवा ठिकान्यावर नव्हतं. आता हाय."

माजघरातला वरवंटा थांबला होता. आईनं ऐकलं होतं, पहिल्यांदाच. शेवटी अण्णा म्हणाले, "जिवंत आहात तोवर भेटून सांगा की तिला." तात्यांनी वाकडी बोटं एकमेकांत गुंतवली. म्हणाले, "कोन्या तोंडानं?" मग त्यांनी त्या वर्षीचं सांगितलं. विहिरीकडचा सगळा मळा शकूला. मी लिहिलं. माझी कन्या शकुंतला, हल्ली मुक्काम राजूर, तालुका अकोले. तिच्या मुक्कामाचा हा पत्ता मी चार वर्षांत चार वेळा लिहिला होता. पाठ झाला होता मला.

त्याच माघात आमच्या कॉलेजचं शिबिर अकोल्याच्या डोंगरात लागलं. दहा दिवस बंधाऱ्यावर दगड वाहायचे. मी ते मुद्दाम निवडलं का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, नाही. आता मला वाटतं, हो. राजूरच्या बाजारच्या दिवशी आम्हाला अर्धी सुटी मिळाली. बाकीच्या मुली बांगड्या बघायला गेल्या. मी सोनईच्या सपाट, धुळीच्या मुलखात वाढलेली. तो बाजार मला परदेशासारखा वाटला. डोंगरातून उतरलेल्या बाया, बाळहिरड्याच्या पाट्या, हातसडीचा तांदूळ, पळसाच्या पानांत बांधलेली फुलं, आणि चहूकडं निळे डोंगर अंगावर आल्यासारखे. मी दोन जणींना विचारलं. सोनईकडची शकुंतलाबाई? तिसरीनं बोट दाखवलं. बाजाराच्या कडेला पत्र्याची शेड होती, आणि आत एक बाई शिवणयंत्रावर चोळी शिवत होती. चाळिशीची असेल. तात्यांचंच उंच, वाळलेलं हाड.

"मी सोनईहून आले," मी म्हणाले.

यंत्राचं चाक तिनं तळहातानं थांबवलं. माझ्याकडं न बघता विचारलं, "कोन गेलं?"

"कुणी नाही. तात्या बरे आहेत."

चाक पुन्हा फिरायला लागलं. मी उभीच होते. मग मी सांगून टाकलं. मी कोण, अण्णा कोण, तात्या हुरड्याच्या दिवसांत येतात, कागद फाडतात, नवा करतात, आणि दर वेळी तुमचं वाढतं. पायरीचं सांगितलं, फटीचंही सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत तिनं एक पूर्ण बाही जोडली. दातांनी दोरा तोडला.

"किती वर्सं झाली लिवत्यात?"

"मी लिहितेय तेव्हापासून चार. त्याआधी अण्णा लिहायचे."

"आन् मदी मीच मेले असते, तर?"

कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होते मी. याचं उत्तर मला पाठ होतं. मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी घेणारा गेला तर काय होतं, यावर परीक्षेत प्रश्न आला होता. मी यंत्राच्या चाकाकडं बघत राहिले. तिनं मला उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसवलं, आतून नाचणीची भाकरी आणि कारळ्याची चटणी आणली, आणि मी खात असताना आणखी दोन गिऱ्हाइकं केली. येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. निघताना फक्त एवढं विचारलं, "गुडघं दुखत्यात का त्यांचं अजून?" मी म्हणाले, मला माहीत नाही. आणि मला लाज वाटली. ज्या माणसाच्या मनातलं मी गावभर, नव्हे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत वाहून आणलं होतं, त्याचे गुडघे दुखतात की नाही हे मला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन मी अण्णांना काही बोलले नाही. एखादं पोस्टकार्ड जे करतं तेवढंच आपण केलं, असं मनाशी घोकत राहिले.

चैत्रात, भलत्याच वेळी, तात्या दारात आले. गाठोडं नव्हतं. सतरंजीवर बसले नाहीत. आईनं पाणी आणलं, ते घेतलं नाही. अण्णा आतून चाचपडत आले.

"अन्ना, कागद परत द्या माझा."

"काय झालं, तात्या?"

"ती आली. शकू. परवा. वट्ट्यावर हुबी ऱ्हायली आन् सगळ्यांदेखत म्हनली, कागदात माझं नाव हाय म्हनं. मग घरात बी आसंल." त्यांचा श्वास लागत होता. "सोपान मला म्हनला, आमच्यापासनं चोरून वाटून देनार व्हता का? लेक म्हनतो मला, चोरून! अन्ना, मी हितं तोंड उघडलं. बायकूपाशी उघडलं नव्हतं."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नसणार, इतके डोळे गेले होते. तरी पाहिलं. मग त्यांनी तात्यांना हात जोडले. माझ्या वडिलांना मी देवासमोर सोडून कुणासमोर हात जोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "माझ्या घरातून गेलं, तात्या. दुसऱ्या कुणाचा दोष नाही." त्यांनी किल्ली काढली, कपाट उघडलं, बोटांनी लखोटे चाळले. लिहिलेलं दिसत नव्हतं त्यांना. मी पुढं झाले. "तू नको," ते म्हणाले. लखोट्यांमधून तात्यांचा शोधायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही सगळे उभे होतो.

तात्यांनी लखोटा हातात घेतला. फाडला नाही. उंबऱ्यापर्यंत गेले आणि वळून विचारलं, "आन् काहीच लिवलं न्हाई, तर?"

"तर तिघांना सारखं," अण्णा म्हणाले. "दोन मुलगे, एक मुलगी. तुमची स्वकष्टाची जमीन आहे. कायदा फरक करत नाही."

तात्या चप्पल पायात सरकवून निघून गेले.

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "राजूरला गेली होतीस?"

"शिबिराला."

"शिबिराचं विचारलं नाही मी."

"गेले होते."

त्यांनी डेस्क भिंतीकडं सारलं. "उद्यापासून आत बसू नकोस."

बातमी फुटायला आठ दिवसही लागले नाहीत. अण्णांच्या घरातून कागद फुटतो, एवढंच लोकांपर्यंत पोचलं. का फुटला ते पोचलं नाही. पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. भोंगा व्हायचा, अण्णा स्वच्छ धोतर नेसून सतरंजीवर बसायचे, खिडकी बंद करायचे, आणि बारापर्यंत तसेच बसून राहायचे. आईला वाटायला कारण उरलं नाही. पाट्यावर फडकं टाकलेलं असे. एकदोन जुनी माणसं आली, त्यांचे कागद अण्णांनी स्वतः लिहिले, कागदाला नाक लागेल इतकं वाकून. नाकाच्या शेंड्याला शाई लागायची. मी माजघरातून बघायचे आणि आत जायची मला परवानगी नव्हती. जेवताना ते माझ्याशी नेहमीसारखं बोलत. परीक्षा कधी, एसटीला गर्दी होती का. मायाही नेहमीचीच होती. फक्त ती खोली माझ्यासाठी बंद झाली होती. इतक्या वर्षांत मला मोठमोठ्या घराण्यांनी विश्वासानं आपली कपाटं उघडून दाखवली, पण मला हवी होती ती त्या एका सतरंजीवरची जागा. ज्या जागेवर बसून आपण काही बोलत नाही असं वडिलांनी सांगावं, ती.

मी त्यानंतर कुणाचा एक शब्दही बाहेर नेला नाही. पण एक सवय लागली. समोर बसलेल्याला मी विचारते, ज्याच्या नावानं हे लिहिताय, त्याला तुम्ही सांगितलंय का? राहात्याचे एक पेरूबागवाले या प्रश्नावर इतके रागावले होते की फाइल घेऊन उठून गेले. आठ दिवसांनी फोन आला. धाकट्या भावाशी बोललो, आता तुमच्याकडं यायची गरज राहिली नाही म्हणाले. असं गिऱ्हाईक गेलेलं मला फार आवडतं.

तात्या त्याच वर्षी भाद्रपदात गेले. समोरच्या शिंप्यानं सांगितलं. शकूताई उन्हाळ्यापासून वस्तीवरच राहिली होती, हेही त्याच्याकडूनच कळलं. आई देवापाशी जाऊन बसली.

दसऱ्यानंतर सोपान आला. बरोबर धाकटा भाऊ आणि शकूताई. तात्यांनी मागं कुठलाच कागद ठेवला नव्हता. आमच्याकडून नेलेला लखोटा त्यांनी चुलीत घातला होता आणि नवा केला नव्हता. तलाठ्यानं वारस म्हणून तिघांची नावं लावली होती, सारख्या हिश्शानं. आता बहिणीनं हक्क सोडल्याचा लेख हवा होता. सोपाननं तो तालुक्याला टाइप करून आणला होता. "तुमी नुसता वाचून दाखवा, अन्ना," तो म्हणाला. "आक्काला तुमचाच इस्वास हाय."

अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला. टाइपची बारीक अक्षरं त्यांना मुळीच दिसत नव्हती. मी माजघराच्या दारात होते. त्यांनी मान वळवली नाही.

"सुमा, ये. वाच."

सहा महिन्यांनी मी त्या सतरंजीवर बसले. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मी माझा वारसाहक्क राजीखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय, बंधूंच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. वाचून झालं. अण्णांनी शकूताईला विचारलं, "समजलं का?"

"समजलं."

"समजलं का?"

"व्हय."

तिसऱ्यांदा विचारायच्या आधी अण्णा थांबले. इतके थांबले की सोपाननं त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "पटलं का?" इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हा प्रश्न ऐकला नव्हता.

शकूताईनं पदर सावरला. "न्हाई," ती म्हणाली. "मी न्हाई सही करनार."

"आक्का, आसं काय?" सोपान कळवळून म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. "तुला दिवाळीला बोलवू, साडीचोळी करू. आमी काय परकं हाय का?"

"चोळ्या मी सोताच शिवते, सोपान." तिच्या ओठांवर किंचित हसू आलं आणि गेलं. "जमीन तूच कस. पिकंल ते तूच खा, मी मागायला येनार न्हाई. पन उताऱ्यावर माझं नाव ऱ्हाऊ दे. तात्यांच्या खाली."

"त्यांनी तसं म्हनलं हुतं का कदी?"

"ते काय बोलले न्हाईत. चुकलं बी म्हनले न्हाईत." ती सोपानला सांगत होती, पण बघत होती अण्णांकडं. "पन मी आल्यापासनं त्यांनी दाराला कडी म्हनून लावू दिली न्हाई. वैशाखातला धुरळा, फुफाटा सगळा घरात. मी म्हनायचे, लोटून घेऊ का? तर म्हनायचे, ऱ्हाऊ दे. बाज दाराच्या तोंडाशी ओढून तिथंच निजायचे. तुमी शेतात असायचे. मी हुते."

धाकटा भाऊ रडायला लागला. तात्यांइतकाच उंच पुरुष, मांडीवर हात टेकून लहान पोरासारखा रडला. सोपाननं कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि म्हणाला, "मग चल. दोनची येष्टी सापडंल तुला." आई आतून शेंगोळीचा डबा घेऊन आली आणि शकूताईच्या पिशवीत घातला. शकूताई पायऱ्या उतरताना माझ्यापाशी थांबली. माझ्या गालाला तिनं हात लावला. बोटांना सुईची भोकं होती, खरखरीत लागली. "लई उशीर केलास तू," ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "न्हाई, तू काय करनार." मग ती भावांच्या मागोमाग स्टँडकडं गेली.

उताऱ्यावर तिचं नाव तिच्या मरणापर्यंत होतं. सोपाननं पुन्हा सहीचं काढलं नाही, असं कानावर आलं. दरवर्षी तो गाडी करून राजूरला बाजरीचं पोतं घेऊन जायचा, हेही कानावर आलं. खरं खोटं मी तपासलं नाही.

त्या दिवशी ते तिघं गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच उरलो. अण्णा कपाटाला किल्ली लावत होते, कपाटात आता फार काही नव्हतं. मी सतरंजी गोळा करायला वाकले.

"तू केलंस ते चूकच होतं," ते म्हणाले.

"हो."

"माझी इतक्या वर्षांची अब्रू गेली त्यात."

ते किल्ली जानव्यात अडकवत होते. गाठ सापडत नव्हती. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं ती राजूरला आहे. तुझ्याआधी सात वर्षं मी तो पत्ता लिहीत होतो. मी नसतो गेलो."

हे ते मला बोल लावून म्हणाले की स्वतःला, मला कळलं नाही. आवाजावरून कळेना, आणि चेहरा त्यांनी भिंतीकडं केला होता. माझ्या ओठांवर प्रश्न आला होता. पण तेवढ्यात आईनं पानं वाढलीत म्हणून आतून हाक मारली. अण्णांनी भिंतीचा आधार सोडून हात पुढं केला. मी तो धरला, आणि आम्ही जेवायला गेलो.